निर्वासितांचा बाजार

शिरगावाहून निघालेला प्रवासी अंबरनाथास उतरतो, तो इ. स. १०६० मधील शिवालय पाहण्यासाठी. तथापि पुढचे स्थानक उल्हासनगर. तेथील बाजारही प्रेक्षणीयच होय.

फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना कल्याणच्या लष्करी छावणीतील बराकींत आसरा मिळाला. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर-जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते पायाभरणी होऊन त्या छावणीचे उल्हासनगर झाले. घरदार गमावलेली ही माणसे केवळ सरकारी मदतीवर विसंबून राहिली नाहीत; त्यांनी पापड लाटले, कपडे शिवले, दुकाने थाटली. त्यांच्या मालावरील ‘यू.एस.ए.’ म्हणजे ‘उल्हासनगर सिंधी असोसिएशन’ अशी थट्टा आपण केली. आणि लग्नाचा बस्ता मात्र तेथूनच आणला! देवदर्शन झाल्यावर तेथेही जावे. आणि भाव करताना त्या गल्ल्यामागे १९४७ साल उभे आहे, याचे स्मरण ठेवावे.