नॉरफोकचे परत आलेले पाहुणे

इंग्लंड म्हटलं की आपल्याला लंडन, पाऊस आणि क्रिकेट आठवतं. मी राहतो ती नॉरफोक काउंटी यातल्या कशातच बसत नाही. पूर्वेकडची सपाट जमीन, तिन्ही बाजूंनी म्हणण्याइतका समुद्र, आणि वर भलंमोठं आभाळ. इथले लोक हवामानाइतकेच पक्ष्यांबद्दल बोलतात. त्यामागे एक इतिहास आहे, तो आज सांगतो.

इथे 'ब्रॉड्स' नावाची उथळ तळी आहेत. ती निसर्गाने केली असंच सगळे धरून चालले होते. 1950 च्या दशकात जोईस लँबर्ट या बाईंनी जमिनीत भोकं पाडून थरांचा अभ्यास केला आणि दाखवून दिलं की या तर मध्ययुगातल्या खाणी! जळणासाठी दलदलीतलं 'पीट' खणून काढलं, मग पाण्याची पातळी वाढली आणि खड्डे भरले. म्हणजे पक्ष्यांचं हे माहेर माणसाच्याच कुदळीने तयार झालेलं.

वसंतात या तळ्यांकाठच्या बोरूच्या रानातून 'बिटर्न'चा आवाज येतो. हा बगळ्याच्या कुळातला तपकिरी पक्षी. रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर मारावी तसा घुमणारा आवाज, पण तीन-चार किलोमीटरवर ऐकू जाईल असा. दलदली आटवल्या, शिकाऱ्यांनी मारले, हौशी लोकांनी पेंढा भरून काचेच्या पेटीत ठेवले, आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ब्रिटनमध्ये त्याचं घरटं दिसेनासं झालं. मग 1911 मध्ये एमा टर्नर आणि जिम व्हिन्सेंट यांना सटन ब्रॉडवर त्याचं पिल्लू सापडलं. एमाबाई हाऊसबोटीत राहून, जड कॅमेरा ओढत पक्ष्यांचे फोटो काढत. त्या पिल्लाचा फोटो म्हणजे बिटर्न परतल्याचा पुरावाच ठरला.

उन्हाळ्यात क्लेच्या खाजणात 'अव्होसेट' दिसतात. काळे-पांढरे, वर वळलेल्या चोचीचे. आपल्याकडे हिवाळ्यात भिगवणला येणारा उचाट्या तो हाच. जुन्या काळी इथल्या लोकांनी त्याची अंडी खाऊन आणि पिसं मासेमारीच्या गळाला लावून त्याला संपवलं. तो परत आला तो युद्धामुळे! जर्मन उतरू नयेत म्हणून 1940 मध्ये शेजारच्या सफोकच्या किनाऱ्यावरची कुरणं मुद्दाम पाण्याखाली सोडली होती. त्या पाणथळीत 1947 मध्ये उचाट्यांनी घरटी केली, आणि पुढे ते नॉरफोकातही पसरले.

शरद ऋतूत हॉर्सीच्या आसपास क्रौंच उडताना दिसतात. ब्रिटनमधून ते सुमारे 400 वर्षांपूर्वी नाहीसे झाले होते. 1979 मध्ये काही भरकटलेले क्रौंच इथे उतरले. तिथले जॉन बक्स्टन यांनी गाजावाजा न करता त्यांची राखण केली, आणि 1982 मध्ये पहिलं पिल्लू मोठं झालं.

हिवाळा मात्र गुलाबी पायांच्या हंसांचा. आइसलँड आणि ग्रीनलंडहून ते हजारोंनी येतात. दिवसा शेतात, रात्री समुद्रकाठच्या चिखलात. इथली साखर शुगरबीटची. बीट काढल्यावर मागे उरलेले शेंडे हे त्यांचं खाणं. शेतकऱ्याने लगेच नांगरट केली तर हंस उपाशी. म्हणून थोडं थांबणारा शेतकरी इथे पक्षीप्रेमींचा मित्र असतो.

हे सगळं आपोआप टिकलं नाही. 1926 मध्ये डॉ. सिडनी लाँग या डॉक्टरांनी मित्रांना गोळा करून क्लेची सुमारे 400 एकर पाणथळ विकत घेतली, कायम पक्ष्यांसाठी ठेवायची म्हणून. त्यातून निघालेली संस्था ही काउंटीपातळीवरची पहिली. आज ब्रिटनमध्ये अशा 40 हून अधिक आहेत.

पण विकत घेतलेली जमीनही समुद्रापुढे आपली राहीलच असं नाही. 31 जानेवारी 1953 च्या रात्री इथल्या किनाऱ्यावर समुद्र आत शिरला आणि माणसं दगावली. 5 डिसेंबर 2013 ला पुन्हा लाट आली आणि क्लेचा गोट्यांचा बांध फुटला. बिटर्नला गोडं पाणी लागतं, खारं पाणी शिरलं की त्यातले मासे मरतात. 1997 मध्ये ब्रिटनभर घुमणारे नर फक्त 11 उरले होते, त्या सुमारास लोकांच्या लक्षात आलं की सगळी अंडी एका किनाऱ्याच्या टोपलीत ठेवून चालणार नाही. समुद्रापासून आत, सफोकमधल्या लेकनहीथला गाजराची शेतं विकत घेऊन तिथे बोरू लावला. 2023 पर्यंत घुमणाऱ्या नरांची संख्या 200 च्या वर गेली.

समुद्राची पातळी वाढतेच आहे. क्लेचं गोडं पाणी आणखी किती वर्षं गोडं राहील, यावर इथे गावोगावी वाद चालतो. दरवेळी बांध दुरुस्त करत बसायचं, की समुद्राला वाट देऊन पक्ष्यांसाठी आत नवी जागा करायची? 1926 मध्ये नकाशावर कुंपण घालून प्रश्न सुटला होता. आता ते कुंपणच हलवावं लागणार आहे.