चार कलमांचा कायदा : प्लेग, मुंबई सरकार आणि १८९७

४ फेब्रुवारी १८९७. कलकत्त्यात गव्हर्नर-जनरलच्या कायदेमंडळाने एक कायदा मंजूर केला. त्यात कलमे होती अवघी चार. विधेयक मांडल्यापासून ते मंजूर होईपर्यंत जेमतेम आठवडा गेला. ब्रिटिश हिंदुस्थानातील सर्वांत तोकड्या कायद्यांपैकी हा एक. आणि सरकारच्या हाती सर्वांत मोकळा अधिकार देणाऱ्या कायद्यांपैकीही हाच एक. कायदा कलकत्त्यात झाला, पण तो जन्माला घातला मुंबईने, आणि त्याची पहिली परीक्षा झाली ती मुंबई इलाख्यात.

त्यासाठी चार-पाच महिने मागे जावे लागते. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात, धान्याच्या वखारींच्या दाटीत, माणसे तापाने आणि काखेत-जांघेत आलेल्या गाठींनी मरू लागली. मूळचे गोव्याचे डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी निदान केले : हा ग्रंथिक ज्वर, म्हणजेच प्लेग. १८९४ मध्ये हाँगकाँगला हाहाकार माजवणारी साथ समुद्रमार्गे मुंबईत पोहोचली होती. काहींनी आधी निदानच नाकारले. बंदराच्या शहरात 'प्लेग' हा शब्द उच्चारणे म्हणजे व्यापारावर कुऱ्हाड, हे सर्वांना ठाऊक होते.

तेव्हा सरकारकडे वेगळा कायदा नव्हता. हाताशी होता तो १८८८ चा मुंबई महापालिका अधिनियम. त्याच्या आधारे पालिका आयुक्त स्नो यांनी ६ ऑक्टोबर १८९६ रोजी जाहीरनामा काढला. संशयित घरात शिरणे, घर धुऊन काढणे, रोग्याला इस्पितळात हलवणे, हे सारे घरच्यांच्या संमतीविना करता येणार होते. गिरणगावात त्याचा अर्थ सरळ घेतला गेला : इस्पितळात नेलेला माणूस परत येत नाही. हा निव्वळ अडाणीपणा नव्हता. रोगी बहुधा अखेरच्या अवस्थेत तिथे पोहोचे, त्यामुळे खरोखरच बरेच जण परत येत नसत. २९ ऑक्टोबर रोजी सुमारे हजार गिरणी कामगारांनी आर्थर रोडच्या साथरोग इस्पितळावर हल्ला केला.

जाहीरनामा लगोलग सैल करण्यात आला. इथे स्नो यांची खरी अडचण इस्पितळाची नव्हतीच. शहराचा मैला वाहणारे हलालखोर भयाने गाव सोडून गेले तर मुंबई चार दिवसांत राहण्याजोगी उरणार नाही, ही त्यांची धास्ती होती. ज्यांना समाजाने शिवायचेही नाही असे ठरवले होते, त्यांच्या जाण्याच्या नुसत्या शक्यतेने आयुक्ताचा हुकूम मागे घेतला गेला. मुंबईच्या इतिहासात या गोष्टीची नोंद जितकी व्हायला हवी तितकी झालेली नाही.

हलालखोर बहुतांशी थांबले. बाकीचे शहर मात्र निघाले. १८९७ च्या फेब्रुवारीपर्यंत आठ लाखांहून अधिक वस्तीच्या मुंबईतून पावणेचार लाखांच्या वर माणसे बाहेर पडली होती. कोकणच्या बोटी आणि घाटावरच्या गाड्या भरभरून जात होत्या. गिरण्यांना माणसे मिळेनात; महिना संपल्यावर पगार देण्याची रीत मोडून कित्येक मालकांना रोजच्या रोज रोख मजुरी मोजावी लागली. तिकडे युरोपातील सरकारे हिंदुस्थानी मालावर आणि प्रवाशांवर निर्बंध घालू लागली. फेब्रुवारी-मार्चमध्ये व्हेनिस येथे प्लेगबाबत आंतरराष्ट्रीय आरोग्य परिषद भरली. आपण काही कठोर करीत आहोत हे जगाला दाखवणे साम्राज्याला भाग होते. ४ फेब्रुवारीच्या कायद्यामागची घाई ही.

आता ती चार कलमे. पहिल्यात नाव आणि व्याप्ती. दुसऱ्यात सारा प्राण : धोकादायक साथ आली आहे किंवा येऊ घातली आहे आणि प्रचलित कायदे अपुरे आहेत अशी सरकारची खात्री पटली, की सरकारने आवश्यक वाटतील ते उपाय योजावेत, लोकांनी पाळायचे तात्पुरते नियम जाहीर करावेत, रेल्वेने वा अन्य मार्गाने जाणाऱ्यांना तपासावे, संशयितांना वेगळे ठेवावे. मूळ मजकुरात हा अधिकार गव्हर्नर-जनरलला होता आणि तो प्रांतिक सरकारांकडे सोपवता येत होता. तिसऱ्या कलमाने आज्ञाभंग हा दंडसंहितेच्या कलम १८८ खालील गुन्हा ठरवला. चौथे एका वाक्याचे : या कायद्यान्वये सद्भावनेने केलेल्या कोणत्याही कृत्याबद्दल कोणाहीविरुद्ध दावा वा खटला चालणार नाही.

काय नव्हते, तेही पाहण्यासारखे आहे. 'धोकादायक साथ' म्हणजे काय, याची व्याख्या नव्हती. उपाय किती काळ चालतील, त्यांचा आढावा कोण घेईल, दाद कुठे मागायची, याबद्दल अवाक्षर नव्हते. नुकसानभरपाईचा उल्लेख होता, पण 'दिलीच तर' अशा बेताने. विधेयक मांडताना गृहखात्याचे सदस्य जॉन वुडबर्न यांनी हे अधिकार असाधारण आहेत हे कबूल केले होते. संकटकाळी लोकांनी कारभाऱ्यांच्या विवेकावर विश्वास ठेवावा, असा त्यांचा युक्तिवाद होता. म्हणजे मर्यादा कायद्यात नव्हती, ती अधिकाऱ्याच्या स्वभावात शोधायची होती.

गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट यांच्या मुंबई सरकारने हा अधिकार दोन माणसांच्या हाती दिला. मार्च १८९७ मध्ये मुंबईसाठी ब्रिगेडियर-जनरल गॅटेकर यांच्या अध्यक्षतेखाली प्लेग समिती नेमली गेली. लोकनियुक्त महापालिकेचा प्लेगविषयक अधिकार त्या चौघांच्या समितीकडे गेला. पुण्यात आले सनदी अधिकारी वॉल्टर चार्ल्स रँड. कायदा एक, सरकार एक. गॅटेकर यांचीही घरझडती होती, विलगीकरण छावण्या होत्या, राहण्यास अयोग्य ठरलेल्या घरांवर 'यू. एच. एच.' ही अक्षरे रंगवली जात होती. पण त्यांनी निरनिराळ्या समाजांच्या पुढाऱ्यांना बोलावून घेतले आणि जातीजमातींना स्वतःची इस्पितळे काढू दिली. पारशी, मुसलमान, हिंदूंमधील वेगवेगळ्या जाती यांची इस्पितळे उभी राहिली. आपल्या माणसाच्या हातचे पाणी मिळते म्हटल्यावर रोगी लपवण्याचे प्रमाण घटले.

पुण्यात १३ मार्चपासून गोऱ्या सैनिकांच्या तुकड्या घरे झडू लागल्या. कागदावरच्या सूचनांत लोकांच्या भावनांचा मान राखण्याचे शब्द होते. प्रत्यक्षात बूट घातलेले शिपाई माजघरात आणि देवघरात शिरले, सामान रस्त्यावर फेकले गेले, कपडे जाळले गेले, स्त्रियांची तपासणी परक्या पुरुषांसमोर झाल्याच्या तक्रारी झाल्या. टिळक पुण्यातच राहिले. साथ आवरण्यासाठी उपाय हवेत हे त्यांना मान्य होते. शहर सोडून गेलेल्या पुढाऱ्यांवर त्यांनी टीका केली आणि हिंदू प्लेग इस्पितळ चालवले. त्यांचा राग उपायांच्या रीतीवर होता. याच मार्चच्या १० तारखेला प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा करताना लागण होऊन सावित्रीबाई फुले यांचे निधन झाले. त्यांनी आणि डॉ. यशवंत यांनी पुण्याजवळ उभारलेल्या दवाखान्यात येण्यासाठी रोग्याला कोणत्याही कलमाची भीती घालावी लागत नव्हती.

चौथ्या कलमाचा अर्थ काय होतो, हे गोपाळ कृष्ण गोखले यांच्या वाट्याला आले. ते तेव्हा इंग्लंडमध्ये होते. पुण्याहून आलेल्या पत्रांच्या आधारे त्यांनी सैनिकांनी स्त्रियांवर अत्याचार केल्याचा आरोप तेथील वृत्तपत्रात मांडला. सरकारने पुरावा मागितला. ज्यांनी लिहिले होते त्यांपैकी कोणी नाव पुढे करण्यास धजावेना. परतल्यावर गोखल्यांनी जाहीर माफी मागितली आणि त्यासाठी पुण्यात वर्षानुवर्षे टोमणे ऐकले. तक्रार करणाऱ्याला संरक्षण नाही आणि ज्याच्याविरुद्ध तक्रार त्याला मात्र कायद्याचे कवच, अशा स्थितीत पुरावा कुठून येणार होता?

२२ जून १८९७ च्या रात्री, राणीच्या राज्यारोहणाच्या हीरक महोत्सवाची मेजवानी आटोपून गणेशखिंडीतून परतताना रँड यांच्यावर दामोदर चापेकर यांनी गोळी झाडली. पाठोपाठच्या गाडीतील लेफ्टनंट आयर्स्ट जागीच ठार झाले. रँड ३ जुलैला मरण पावले. चापेकर बंधूंची कथा महाराष्ट्रातील प्रत्येक शाळकरी मुलाला माहीत असते. कमी माहीत असते ते सरकारने पुढे कोणती कायदेशीर हत्यारे उपसली ते. नातू बंधूंना १८२७ च्या एका जुन्या रेग्युलेशनखाली खटल्याविना अटकेत ठेवले गेले. टिळकांवर 'केसरी'तील लिखाणाबद्दल राजद्रोहाचा खटला होऊन सप्टेंबरमध्ये १८ महिन्यांची सक्तमजुरी झाली. आणि १८९८ मध्ये दंडसंहितेत दुरुस्ती होऊन राजद्रोहाचे कलम १२४-अ अधिक रुंद करण्यात आले. समाजासमाजांत वैर पसरवण्याविषयीचे कलम १५३-अ त्याच दुरुस्तीने आले. आरोग्यासाठी सुरू झालेला कायद्यांचा प्रवास दीड वर्षात लेखणीपर्यंत येऊन ठेपला.

या साऱ्या कारवाईने प्लेग आटोक्यात आला का? नाही, आणि येणारही नव्हता. रोगजंतू सापडला होता, पण तो माणसापर्यंत कसा पोहोचतो हे कारभाऱ्यांना माहीत नव्हते. दुर्गंधी, घाण, ओल आणि गरिबांच्या सवयी यांवर त्यांचा संशय होता. म्हणून गटारांत कार्बोलिक आम्लाचे लोट सोडले गेले, छपरे उघडी केली गेली, जमिनी उकरल्या गेल्या. खरा वाहक होता उंदराच्या अंगावरची पिसू. हे फ्रेंच वैद्य पॉल-लुई सिमाँ यांनी १८९८ मध्ये दाखवले, तेही कराचीत, म्हणजे तेव्हाच्या मुंबई इलाख्यातच. सरकारच्या प्लेग आयोगाने ते मनावर घेतले नाही. परळच्या प्रयोगशाळेतील पुढच्या संशोधनाने ती गोष्ट पक्की व्हायला १९०५ नंतरचा काळ उजाडावा लागला. तोवर गटारे धुतली की उंदीर शेजारच्या घरात जात, आणि रोगी छावणीत गेला तरी पिसवा घरातच राहत.

धोरण वळले ते विज्ञानाने नव्हे, विरोधाने. ९ मार्च १८९८ रोजी मुंबईत रिपन रोडवर विणकऱ्यांच्या वस्तीत एका आजारी मुलीच्या तपासणीवरून दंगल उसळली, गोळीबार झाला, माणसे मेली. त्यानंतर सक्तीची झडती हळूहळू सोडून देण्यात आली. घरी उपचार, खासगी इस्पितळे, गावाबाहेर झोपड्यांत राहणे यांना मुभा मिळाली. वाल्डेमार हाफकिन यांनी मुंबईत तयार करून १० जानेवारी १८९७ रोजी आधी स्वतःला टोचून घेतलेली लस सर्वसाधारण जनतेसाठी ऐच्छिक राहिली. आगाखानांनी ती जाहीरपणे टोचून घेतल्याचा जो परिणाम झाला तो हुकमाने झाला नसता. शतक उलटेपर्यंत सरकारचे सूर पुरते बदलले होते. साथ मात्र चालूच राहिली. १९२१ पर्यंत हिंदुस्थानात सुमारे एक कोटी माणसे प्लेगने दगावली.

मुंबई सरकारच्या स्वतःच्या कायदेमंडळाने या संकटाला दिलेले उत्तर वेगळेच होते : १८९८ चा सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टचा कायदा. सक्तीने जमीन घ्यायची, दाट वस्त्या पाडायच्या, रुंद रस्ते काढून समुद्राचा वारा शहरात आणायचा. प्रिन्सेस स्ट्रीट, सँडहर्स्ट रोड, पुढे दादर-माटुंग्याची आखीव वस्ती ही त्याची फळे. आरंभीच्या वर्षांत पाडलेल्या खोल्यांच्या मानाने बांधलेल्या कमी पडल्या आणि हुसकलेले लोक शेजारच्या चाळींत अधिकच दाटीने राहू लागले. तरीही या कायद्यात काही हिशेब होता : विश्वस्त होते, योजना छापून जाहीर कराव्या लागत, घेतलेल्या जमिनीचा मोबदला ठरवणारे न्यायाधिकरण होते. घरमालकाला दाद मागायला जागा होती. छावणीत नेलेल्या भाडेकरूला नव्हती. १९३३ मध्ये ट्रस्ट महापालिकेत विलीन झाला.

चार कलमांचा कायदा मात्र टिकला. १८९८ नंतर सरकारने जे शिकले ते परिपत्रकांत गेले, अधिकाऱ्यांच्या सवयींत गेले. कायद्याच्या मजकुरात आले नाही. स्वातंत्र्यानंतरही नाही. १३ मार्च २०२० रोजी महाराष्ट्र शासनाने कोविडसाठी हाच कायदा लागू केला आणि दुसऱ्या दिवशी त्याखाली नियम काढले. जिल्हाधिकारी आणि पालिका आयुक्तांना अधिकार, प्रवास करून आलेल्यांची नोंद, विलगीकरण, अफवांना मनाई, आणि आज्ञाभंगाला तेच कलम १८८. मुंबईतील पहिल्या रोग्यांना नेले गेले ते चिंचपोकळीच्या कस्तुरबा रुग्णालयात. आर्थर रोडचे ते जुने साथरोग इस्पितळ हेच.

त्याच एप्रिलमध्ये केंद्राने अध्यादेश काढून या कायद्यात मोठी दुरुस्ती केली आणि सप्टेंबरमध्ये संसदेने ती मंजूर केली. आरोग्यसेवकांवर हात उगारणाऱ्याला ३ महिने ते ५ वर्षे, गंभीर इजा केल्यास ६ महिने ते ७ वर्षे कैदेची तरतूद झाली. डॉक्टरांवर हल्ले होत होते, तेव्हा ती गरजेची होती. 'धोकादायक साथ' या शब्दांची व्याख्या त्या दुरुस्तीतही नाही, आणि चौथे कलम १८९७ मध्ये होते तसेच आहे.