शिकारी पक्ष्यांची गणना : इतिहासाचे एक साधन

हिवाळ्यात महाराष्ट्रात येणारे भोवत्यांसारखे शिकारी पक्षी वसंतात उत्तरेकडे परततात. त्यांची गणना हे पर्यावरणाच्या इतिहासाचे मोलाचे साधन होय. अमेरिकेत १९३४ साली स्थापन झालेल्या ‘हॉक माउंटन’ अभयारण्यातील डोंगरमाथ्यावरील नोंदींचा आधार रेचेल कार्सन यांनी १९६२ साली डीडीटीविरुद्धच्या प्रतिपादनात घेतला. भारतात बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीचे विभू प्रकाश यांनी भरतपूर येथील १९८० च्या व १९९० च्या दशकांतील गणनांची तुलना करून १९९९ साली गिधाडांचा ऱ्हास दाखवून दिला. २००४ साली डायक्लोफिनॅक हे त्याचे कारण सिद्ध झाले. २००६ साली त्याच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आली. पक्षी विपुल असताना केलेली नोंदच पुढे ऱ्हासाचा पुरावा ठरते. मुळशीतील माण परिसराचे नागरीकरण वेगाने होत असताना तेथील टेकड्यांवरून वसंतातील वार्षिक गणना महाविद्यालयांनी हाती घेणे म्हणूनच अगत्याचे आहे.