टिचकीची कुळकथा

टोमॅटोचं फूल मान खाली घालून लोंबत असतं. पिवळ्या पाकळ्यांच्या मधोमध पुंकेसर एकमेकांना चिकटून त्यांची निमुळती नळी झालेली असते. परागकण असतात त्या नळीच्या आत, मिठाच्या डबीत मीठ असावं तसे. डबी हलवल्याशिवाय मीठ पडत नाही. याच फुलाचा स्त्रीकेसरही तिथंच, नळीच्या तोंडाशी वाट पाहत असतो. परागानं बोटभरसुद्धा प्रवास करायचा नाही. हवा असतो एक हादरा. उघड्या रानात तो वारा देतो, माश्या देतात. चहूबाजूंनी बंद घरात तो कुणी द्यायचा? हरितगृहातल्या टोमॅटोची कुळकथा मला या प्रश्नापासूनच सांगावीशी वाटते.

घर आधी झालं, टोमॅटो फार मागून आला. रोमचा सम्राट तिबेरियस याच्या ताटात रोज काकडीच्या जातीचं फळ लागे, म्हणून त्याचे माळी चाकांवरचे वाफे उन्हात ढकलत आणि थंडीत पारदर्शक दगडाच्या पातळ पापुद्र्यांखाली झाकत, असं रोमन ग्रंथकार प्लिनीनं नोंदवलं आहे. पंधराव्या शतकाच्या मध्यावर कोरियातल्या एका ग्रंथात जमिनीखालून ऊब देऊन, वर तेल लावलेला कागद ताणून हिवाळ्यात भाजी पिकवायची रीत दिली आहे. युरोपातल्या सरदारांनी अशी घरं बांधली ती संत्र्यांसाठी, अननसांसाठी, द्राक्षांसाठी. टोमॅटोचा त्या मानाच्या पंगतीत पाटच नव्हता.

तो सोळाव्या शतकात मेक्सिकोतून स्पॅनिश जहाजांनी आला. तिथल्या नाहुआत्ल भाषेत त्याचं नाव शितोमात्ल. 1544 साली मात्तिओली या इटालियन वनस्पतिज्ञानं त्याला वांग्याचाच एक नवा प्रकार मानलं. आपल्याकडच्या जुन्या माणसांनीही नेमकं तेच ओळखलं होतं. वऱ्हाड-नागपूरकडे भेदरं म्हणतात त्या फळाला मराठीत वेलवांगी असंही नाव आहे. पुस्तक न उघडता कूळ अचूक सांगणारा हा शब्द आता बोलण्यातून गेला, याची मला फार हळहळ वाटते.

इंग्लंडात काच महाग होती, कारण तिच्यावर कर होता. 1845 मध्ये तो उठला आणि काचघर सरदारांच्या बागेतून बाजारासाठी पिकवणाऱ्या माळ्यांच्या आवाक्यात आलं. इंग्लिश खाडीतल्या गर्न्सी बेटावर तर काचघराला आजही 'द्राक्षघर' अशाच अर्थाच्या नावानं ओळखतात. ती बांधली होती द्राक्षांसाठी. टोमॅटो तिथं वेलींमधल्या मोकळ्या जागेत आंतरपीक म्हणून शिरला आणि काही वर्षांत त्यानं द्राक्षांनाच बाहेर काढलं. बेटाचा संसार त्याच्यावर चालू लागला. 28 जून 1940 च्या संध्याकाळी सेंट पीटर पोर्टच्या धक्क्यावर टोमॅटो भरलेल्या मालमोटारींची रांग बोटीची वाट पाहत उभी होती. जर्मन विमानांनी ती सैन्याची वाहनं समजून बॉम्ब टाकले. तीसहून अधिक माणसं गेली. काही जणांनी आडोसा म्हणून त्या गाड्यांखालीच आसरा घेतला होता. टोमॅटोच्या इतिहासात या संध्याकाळचं नाव घेतल्याशिवाय मला पुढं जाववत नाही.

आता हादऱ्याकडे. काचेनं थंडी अडवली, पण वाराही अडवला. झाड फुलानं लगडायचं आणि फूल देठातून गळून पडायचं. धरलंच तर फळ खुरटं, कारण आत बी जेवढं धरतं तेवढा गर फुगतो. मग माळ्यांनी स्वतः वारा व्हायचं ठरवलं. वेल ज्या तारेला बांधलेले असतात त्या तारेला काठीनं टकटक करायची, घोसाला बोटानं टिचकी मारायची. तीही कधीही नाही. सकाळी दमटपणात पराग चिकट असतो, त्यामुळे ऊन वर येऊन हवा कोरडी झाल्यावर, दुपारच्या सुमाराला. एका फेरीत भागत नाही, कारण घोसातली फुलं एकदम उमलत नाहीत. आठवड्यातून दोन-तीनदा, ओळीमागून ओळ, महिनोन्‌महिने. पुढं हातात धरायची, विजेवर थरथरणारी कांडी आली. तिचं काम चोख, पण प्रत्येक घोसापर्यंत माणूस जायचा तो जायचाच. काही ठिकाणी संप्रेरकाची फवारणी करून फळ धरायला लावत. फळ धरे, पण पुष्कळदा बिनबियांचं आणि आतून पोकळ.

या सगळ्यात झाडही बदललं. रानटी टोमॅटोत स्त्रीकेसर नळीच्या बाहेर डोकावतो, दुसऱ्या झाडाचा पराग झेलायला. लागवडीच्या वाणांत तो हळूहळू आत सरकला, कारण परक्या मुलखात, बंद घरात ज्यांचं आपल्याच परागावर भागलं त्यांचंच बी माणसाच्या हाती लागत गेलं. माळ्यानं झाडाला टिचकी मारली आणि झाडानंही माळ्याच्या सोयीनं आपलं फूल घडवून घेतलं, असंच मी याकडे पाहतो.

1985 साली बेल्जियममधले एक पशुवैद्य, रोलँड दे योंगे, यांनी बंबलबीचं एक पोळं टोमॅटोच्या काचघरात ठेवून पाहिलं. ही जाडजूड, केसाळ माशी आपल्या मधमाशीची थोरली चुलत बहीण. ती फुलाला लोंबकळते, नळी जबड्यात पकडते, पंख मिटलेले ठेवते आणि फक्त उडण्याचे स्नायू सेकंदाला काहीशे वेळा थरथरवते. पराग तिच्या पोटावर बरसतो. आपल्या पोळ्यांतल्या मधमाशीला ही कला येत नाही. दोन वर्षांत दे योंगे यांनी या माश्या पाळून विकायची कंपनी काढली. हॉलंडमधल्यांनी लगेच तोच रस्ता धरला आणि थोड्याच वर्षांत तिथल्या काचघरांतल्या थरथरत्या कांड्या फडताळात गेल्या. पुठ्ठ्याच्या खोक्यात एक राणी, तिच्या कामकरी माश्या आणि खाली साखरेच्या पाकाची पिशवी, कारण टोमॅटोच्या फुलात मध नसतोच. माशी येऊन गेली की नळीवर तिच्या चाव्याचा तपकिरी डाग उमटतो. फूल तपासताना बागाईतदार तो डाग शोधतो.

माझ्या मते खरी उलथापालथ याच्यापुढची. खोकं आत आलं आणि कीटकनाशकाचा पंप बाहेर गेला, कारण किडीला मारणारं औषध माशीलाही मारतं. मग पांढऱ्या माशीसारख्या किडीचं काय करायचं? उत्तर जुनंच होतं. 1926 मध्ये इंग्लंडात एका टोमॅटो बागाईतदाराला पांढऱ्या माशीचे काही कोष काळे पडलेले दिसले. चेशंटच्या संशोधन केंद्रातल्या स्पेयर यांनी त्यांतून एक सूक्ष्म गांधीलमाशी निघताना पाहिली. पांढऱ्या माशीच्या पिल्लातच अंडी घालणारी ही एन्कार्सिया. केंद्रानं ती वाढवून शेकडो बागांना पुरवली. पुढं डीडीटी आलं आणि ती विस्मरणात गेली. किडी औषधांना दाद देईनाशा झाल्या तेव्हा तिची आठवण झाली, आणि बंबलबीमुळे तिला काचघरात कायमचं घर मिळालं. विषाविरुद्ध इतकी भाषणं झाली, पण ते थांबवलं एका माशीच्या गरजेनं.

याची किंमतही मोजावी लागली. जपाननं टोमॅटोसाठी युरोपातली बंबलबी आणली. ती हरितगृहांतून निसटून होक्काइदोच्या रानात पसरली आणि 2006 मध्ये सरकारला तिला घातक परकी जीव ठरवावं लागलं. चिलीत तिच्या आगमनानंतर तिथली स्वतःची मोठी, केशरी बंबलबी झपाट्यानं दिसेनाशी होत गेली.

बंबलबी आपल्या हिमालयात आहे, दख्खनच्या पठारावर नाही. महाराष्ट्रातला बहुतेक टोमॅटो आजही आभाळाखाली, नारायणगाव-जुन्नर, पिंपळगाव बसवंतच्या रानांत, बांबू, तार आणि सुतळीवर उभा असतो आणि हादऱ्याचं काम वारा करतो. पॉलीहाऊसात तो लावणाऱ्याला पांढऱ्या माशीसाठी बारीक जाळी लावावीच लागते, नाहीतर पर्णगुच्छाचा रोग बागच घेऊन जातो. पण त्याच जाळीपाशी येणारी कामाची माशीही अडते. मग कुणी हवेचा झोत मारतो, कुणी तारेला टकटक करतो. गर्न्सीतल्या माळ्याची टिचकी इथं अजून चालू आहे.

ऑस्ट्रेलियानं मुख्य भूमीवर परकी बंबलबी येऊ दिली नाही. तिथल्या संशोधकांनी काचघरात निळ्या पट्ट्यांची देशी माशी सोडून पाहिली आणि टोमॅटो धरला. तिच्याच कुळातल्या निळ्या पट्ट्यांच्या माश्या आपल्या बांधांवर, तुळशीभोवती, वांग्याच्या फुलांवर भिरभिरताना दिसतात. ऊन वर आल्यावर बांधाशी उभं राहून ऐकावं. उडताना तिचा सूर एक असतो, आणि फुलाला बिलगली की तोच सूर एकदम तीक्ष्ण होतो.