रक्तदाबाची गोळी आणि वाढलेल्या हिरड्या

औषधाने हिरड्या वाढतात, ही नोंद प्रथम १९३९ मध्ये अपस्मारावरील फेनिटॉइनबाबत झाली. १९८४ मध्ये रक्तदाबासाठीच्या निफेडिपिनचेही तसेच रुग्ण आढळले. आज सर्रास दिल्या जाणाऱ्या अम्लोडिपिननेही हिरड्या वाढतात, मात्र तुलनेने कमी जणांत.

कारणे : निफेडिपिन आणि अम्लोडिपिन पेशींत शिरणाऱ्या कॅल्शियमला अटकाव करतात. त्यामुळे रक्तवाहिन्या सैलावून रक्तदाब उतरतो. हिरडीत मात्र वेगळेच घडते. तिथे कोलॅजेनचे तंतू सतत तयार होतात आणि मोडलेही जातात. कॅल्शियम कमी मिळाल्याने मोडण्याची क्रिया मंदावते व तंतू साचत जातात, असे मानले जाते. तरी ही गोळी घेणाऱ्या सर्वांच्या हिरड्या वाढत नाहीत. औषधाच्या जोडीला प्रकृतीचा कल आणि दातांवरचे किटण लागते. दात नसलेल्या जागी ही वाढ क्वचितच दिसते.

लक्षणे : गोळी सुरू झाल्यावर बहुधा एक ते तीन महिन्यांत, समोरच्या दोन दातांमधली हिरडीची टोके फुगू लागतात. वाढ घट्ट असते आणि सहसा दुखत नाही, म्हणूनच दुर्लक्ष होते. फुगलेल्या हिरडीआड ब्रश पोचत नाही. किटण साचते, सूज येते, रक्त येते आणि वाढ आणखी बळावते.

निदान : दंतवैद्याकडे जाताना चालू गोळ्यांची पाकिटे सोबत न्यावीत. मात्र कारण दरवेळी औषधच असते असे नाही. गर्भारपणातही हिरड्या सुजतात. हिरड्या झपाट्याने वाढल्या आणि ताप, थकवाही असेल, तर रक्ताच्या कर्करोगाची शंका घेऊन रक्त तपासावे लागते.

उपचार : पहिली पायरी स्वच्छतेची : दंतवैद्याकडून स्केलिंग, घरी रोज दोनदा ब्रश आणि दातांच्या फटींची सफाई. दुसरी पायरी औषधबदलाची. टेल्मिसार्टन किंवा लोसार्टनसारख्या दुसऱ्या गटातल्या गोळीवर रुग्णाला नेता येईल का, हे फिजिशियन ठरवतात. बदलानंतर काही आठवड्यांत ते महिन्यांत हिरडी बरीच ओसरू शकते. उरलेली वाढ शस्त्रक्रियेने काढतात. मात्र तेच औषध चालू राहिले आणि किटण साचले, तर ती परतते.

गोळी आपल्या मनाने कधीही बंद करू नये. हिरडीवर इलाज आहे. अनावर रक्तदाबाने आलेला पक्षाघात मात्र जन्माचे अधूपण देऊ शकतो. रक्तदाबाचे डॉक्टर तोंडात डोकावत नाहीत, दंतवैद्य गोळ्या विचारत नाहीत, अशा वेळी दोघांना जोडणारा दुवा रुग्णच असतो. त्याने दोन्हीकडे दोन्ही गोष्टी सांगाव्यात.