विसावा हिस्सा कुठे गेला? पवनीचे दाते, बनसोडांचा छापखाना आणि आपण

आंबेडकरी चळवळीत भंडारा म्हटले की 1954 ची पोटनिवडणूक आठवते. बाबासाहेब इथून लोकसभेला उभे राहिले आणि पडले. हा सल आम्हा भंडारेकरांच्या मनातून जात नाही, जायलाही नको. पण या मातीत आमच्या माणसांचा आणखी एक इतिहास आहे. तो कमावण्याचा आणि कमावलेले समाजाला देण्याचा आहे. त्याबद्दल आम्ही फार कमी बोलतो.

हल्ली आमच्या तरुणांच्या मोबाईलवर रोज यशोगाथा येतात. झोपडीतला मुलगा, मग कारखाना, मग गाडी, शेवटी 'जिद्द असेल तर सगळे शक्य आहे' हे वाक्य. बचत गटाच्या बैठकीत विड्या वळणाऱ्या बायांसोबत बसतो तेव्हा हे वाक्य आम्हाला टोचते. दिवसभर पाठ मोडून हजारी पूर्ण करणाऱ्या बाईकडे जिद्द कमी आहे काय? तिच्याकडे भांडवल नाही, ओळख नाही, बाजार नाही. हे तिच्यापासून कोणी हिरावले, हा प्रश्न ती यशोगाथा विचारत नाही.

आपले पूर्वज बिनधंद्याचे होते, हेही खोटे आहे. पूर्व विदर्भात कितीतरी महार कुटुंबे जाडेभरडे कापड विणत. गिरणीचे स्वस्त कापड आले आणि हातमाग बसला. 1877 मध्ये नागपुरात एम्प्रेस मिल सुरू झाली. कालचे विणकर तिथे मजूर म्हणून उभे राहिले. कसब होते, मालकी गेली. मालकीच नसेल तर आवाजही दुसऱ्याच्या मर्जीवर राहतो.

हे ज्यांनी ओळखले त्यांत किसन फागुजी बनसोड यांचे नाव आधी घ्यावे लागते. जन्म 1879, गाव नागपूर जिल्ह्यातले मोहपा. अस्पृश्य घरात जन्मलेल्या या माणसाने 1907 मध्ये नागपुरात मुलींसाठी शाळा काढली आणि 1910 च्या सुमारास स्वतःचा छापखाना उभा केला. 'निराश्रित हिंद नागरिक', 'विटाळ विध्वंसक', 'मजूर पत्रिका' आणि पुढे 'चोखामेळा' अशी पत्रे त्यांनी चालवली. पैशाअभावी एक पत्र बंद पडे, की ते दुसरे काढत. गिरणी कामगारांतही त्यांचे काम होते.

छापखान्याचे मोल कळायला 1920 साल आठवावे. 'मूकनायक' निघणार होता तेव्हा त्याची जाहिरात पैसे देऊनही छापायला 'केसरी' तयार झाला नाही. पैसा आहे, मजकूर आहे, पण यंत्र दुसऱ्याचे आहे. म्हणूनच पुढे बाबासाहेबांनी भारत भूषण प्रिंटिंग प्रेस उभा केला. बनसोडांनी हीच गोष्ट नागपुरात दहा वर्षे आधी केली होती. त्यांच्यासाठी धंदा हे समाजाचे तोंड उघडण्याचे हत्यार होते.

इथे एक गोष्ट लपवायची नाही. 1935 ला येवल्यात बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली तेव्हा बनसोडांना ती पटली नाही. त्यांची निष्ठा चोखोबांच्या परंपरेशी राहिली. आम्ही बौद्ध आहोत, या बाबतीत त्यांच्याशी सहमत होऊ शकत नाही. पण मतभेद आहेत म्हणून त्यांचा छापखाना आणि शाळा इतिहासातून खोडायची काय? तसे केले तर आपल्यात आणि आपला इतिहास दडपणाऱ्यांत फरक काय उरला?

दुसरे नाव जाईबाई चौधरी यांचे. उमरेडला 1892 मध्ये जन्म. नागपूर-कामठी भागात त्यांनी डोक्यावर ओझी वाहिली. एका मिशनरी बाईंच्या मदतीने शिकल्या, शिक्षिका झाल्या. अस्पृश्य बाई आपल्या मुलांना शिकवते हे सवर्ण पालकांना सहन झाले नाही आणि नोकरी गेली. मग 1922 मध्ये त्यांनी नागपुरात चोखामेळा मुलींची शाळा काढली. त्यांनी कारखाना काढला नाही, पण ओझी वाहणाऱ्या हातांनी संस्था उभी करणे यापेक्षा मोठा उद्योग कोणता? जिद्द होतीच. पण नोकरी घालवणारी जात होती आणि शाळा उभी करणारा समाजही होता, हे सांगितल्याशिवाय जाईबाईंची गोष्ट पूर्ण होत नाही.

आजच्या काळातल्या कल्पना सरोज यांचेच बघा. अकोला जिल्ह्यातली, बालविवाहात होरपळलेली ही मुलगी. मागासवर्गीयांसाठीच्या कर्ज योजनेने तिला धंद्यात पाय रोवायला मदत केली. बुडालेल्या कमानी ट्यूब्सचे कामगार स्वतः तिच्याकडे आले. तिने कारखाना सावरला, कामगारांची थकलेली देणी दिली. 2013 ला पद्मश्री मिळाली. यशोगाथेत 'जिद्द' राहते. सरकारी योजना आणि कामगार मात्र गाळले जातात. का? कारण ते सांगितले तर योजनांचा निधी कुठे अडतो, हेही विचारावे लागेल.

आता आपल्या जिल्ह्यात परत येऊ. वैनगंगेकाठी पवनी आहे. तिथल्या जगन्नाथ टेकडीवर 1969-70 मध्ये उत्खनन झाले आणि दोन हजार वर्षांहून जुना बौद्ध स्तूप उजेडात आला. तिथल्या दगडांवर ब्राह्मी लिपीत दान देणाऱ्यांची नावे कोरलेली आहेत. कोणीतरी कमावले, त्यातला वाटा दिला आणि स्तूपाचा दगड उभा राहिला. त्या देणाऱ्यांचे गाव आपल्या जिल्ह्यात आहे!

बुद्धाने सिगालाला सांगितलेला हिशेबही साधा आहे. कमाईचे चार भाग करावेत. एक उपभोगाला, दोन धंद्यात, चौथा अडचणीच्या काळासाठी. गरिबीचे कौतुक बुद्धाच्या या शिकवणीत कुठेच नाही. 1956 मध्ये नागपूरला दीक्षा दिल्यावर बाबासाहेबांनीही कमाईचा विसावा हिस्सा धम्मकार्याला द्यायला सांगितले. शंभरातले पाच रुपये.

मग आपला विसावा हिस्सा कुठे आहे? जयंतीला डीजेसाठी वर्गणी निघते. त्याच विहारात शिलाई मशीन घ्यायला निघालेल्या बाईला पाच हजारांचे बिनव्याजी कर्ज देणारी पेटी का नसते? आपल्यातला जो नोकरीला लागला, दुकान काढले, ठेकेदार झाला, तो वस्ती सोडून जातो आणि वर्षातून एकदा फोटोपुरता येतो. त्याला आम्ही दोष देऊन थांबणार नाही. हिशेब चोख ठेवणारी, वही सगळ्यांपुढे उघडणारी समिती आपण त्याला दिली काय, हेही विचारू.

धंदा करा. भीक नको, चाकरीची लाचारीही नको. सरकारी योजनेवर आपला हक्क आहे, तो भांडून घ्या. पण एकट्याने वर जाणे याला आपल्या इतिहासात मुक्ती म्हटलेले नाही. येत्या पौर्णिमेला आपापल्या विहारात एक वही आणि एक पेटी ठेवा, एवढेच आम्ही मागतो. पवनीच्या दगडावर ज्यांची नावे आहेत त्यांचे वारस म्हणवून घ्यायचे असेल, तर त्या वहीत पहिले नाव आपले लिहा.

जयभीम! नमो बुद्धाय!