हातातील रक्तवाहिन्या आणि क्ष-किरणांचे माप

कडबाकुट्टीत हात सापडण्याचा अपघात आपल्या सीमाभागातील शेतकरी घरांना अपरिचित नाही. औराद, भालकी, बसवकल्याणकडील असा जखमी बीदरला, कलबुर्गीला अथवा नातलगांच्या सोयीने लातूर-सोलापूरला नेला जातो. रोहिणी कोठे तुटली हे पाहण्यासाठी प्रसंगी सीटी अँजिओग्राफी केली जाते. दुसऱ्या हाताच्या नीलेतून आयोडीनयुक्त द्रव सोडतात आणि क्षणांत रक्तवाहिन्यांचे चित्र उमटते. त्याबरोबरच यंत्र मिलिग्रे या एककात किरणांच्या मात्रेचा एक आकडाही नोंदवते. या आकड्यामागे मोठा इतिहास आहे.

रक्तवाहिन्यांचे पहिले क्ष-किरण चित्र हाताचेच होते. रोंटगेनच्या शोधानंतर काही आठवड्यांतच, जानेवारी १८९६ मध्ये, व्हिएन्नाच्या हाशेक व लिंडेनथाल यांनी मृत देहापासून वेगळ्या केलेल्या हातात चुना, हिंगूळ व खनिज तेल यांचे मिश्रण भरून ते घेतले. त्यासाठी ५७ मिनिटे लागली. हात निर्जीव होता, म्हणून मात्रेचा प्रश्न उद्भवला नाही. जिवंत हातांनी मात्र किंमत मोजली. एडिसनचा साहाय्यक क्लॅरेन्स डॅली याचे हात किरणांनी जळून कापावे लागले आणि १९०४ मध्ये तो मरण पावला.

१९२८ मध्ये स्टॉकहोमच्या परिषदेने रोंटगेन हे एकक स्वीकारले. तथापि आरंभीच्या संरक्षणनियमांचा रोख मुख्यतः यंत्र चालविणाऱ्यांकडे होता. आपल्याकडेही भाभा अणुसंशोधन केंद्राने १९७५ पासून फिल्मऐवजी उष्णतेने उजळणाऱ्या चकत्यांचे बिल्ले प्रचारात आणले. ते शोभतात तंत्रज्ञाच्या छातीवर! रुग्णाच्या अंगावर असे काहीच नसते.

हाउन्सफील्डच्या यंत्रावर पहिल्या रुग्णाचे चित्रण १९७१ मध्ये झाले. सीटीच्या मात्रेचा निर्देशांक मांडला गेला १९८१ मध्ये. तो मोजतात ॲक्रिलिकच्या दंडगोलात: डोक्यासाठी १६ सेंटिमीटर व्यासाचा, धडासाठी ३२ सेंटिमीटरचा. म्हणजे छापील आकडा रुग्णाचा नव्हे, त्या दंडगोलाचा. हात तर दोहोंहून सडपातळ. ३२ सेंटिमीटरच्या हिशेबाने दिलेला आकडा हाताच्या ऊतींना पोहोचलेल्या मात्रेपेक्षा कमीच असतो; तेच किरण १६ सेंटिमीटरच्या दंडगोलात मोजले, तर आकडा सुमारे दुप्पट येतो. अशा आकड्यावर डोळे झाकून विसंबणे मला उचित वाटत नाही.

एवढ्यावरून भय बाळगण्याचेही कारण नाही. तुटलेली रोहिणी वेळेवर न सापडल्यास हातच गमवावा लागतो. शिवाय हातात किरणांना विशेष हळवी इंद्रिये नाहीत. खरा फरक पडतो तो हात कसा ठेवला यावर. तो डोक्यावर नेता आला, तर धड किरणांच्या पट्ट्याबाहेर राहते. अंगालगत असला, तर त्याच पट्ट्यात फुप्फुसे, स्तन व जठरही येतात. कडबाकुट्टीतून सोडवलेला हात पुष्कळदा उचलता येत नाही.